उताऱ्याबाहेरचा पुरावा

धुळ्यात, देवपूरच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवते. घरी विद्यार्थिनी एकच, दहावीतली माझी मुलगी. उताऱ्यावरचे प्रश्न अंदाजानं सोडवायची तिला सवय.

"हा माणूस खूश नाहीये, मम्मी."

"कशावरून?"

"वाटतं तसं."

"वाटण्याला मार्क नाहीत. शब्द दाखव."

शब्दाचा अर्थ डिक्शनरीत मिळतो. तो कोणत्या मनानं वापरलाय, ते मिळत नाही. हे मी तिला मराठीतूनच समजावलं. काटकसरी आणि चिक्कू, दोघंही पैसे वाचवतात. पण चिक्कू म्हटलेलं कुणाला चालेल?

"मामाला म्हणून बघ," ती म्हणाली. आम्ही दोघी हसलो.

तिचे पप्पा दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला. पूर्वी दर शनिवारी यायचे. वेगळं व्हायचं आमचं पावसाळ्यातच ठरलं होतं. मुलीला बोर्डाची परीक्षा झाल्यावर सांगायचं, हेही ठरलं होतं. तोवर 'ड्यूटी वाढलीय' एवढंच.

थंडीतल्या एका रविवारी त्यांचा फोन आला. मी भरताची वांगी गॅसवर ठेवली होती. फोन स्पीकरवर होता.

"बेटा, जमलं तर मारतो एक चक्कर धुळ्याला."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "पप्पा आता आपल्याकडे राहणार नाहीत ना?"

"कशावरून?" सवयीनं तोंडातून गेलं.

"आधी 'घरी येतो' म्हणायचे. दिवाळीपासून 'धुळ्याला येतो' म्हणतात. आज चक्कर. चक्कर पाहुणे मारतात, मम्मी."

"एका शब्दावरून निष्कर्ष काढायचा नसतो."

"एक कुठंय? तूसुद्धा तेच करतेस. फोनवर असले की आधी 'पप्पांना विचार' म्हणायचीस. आता नुसतं 'त्यांना विचार'."

वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं, तर मी ते सगळ्यांना उतरवून घ्यायला लावलं असतं. इथं त्यात खोट काढायला मी शब्द शोधत राहिले. एका बाजूनं वांगी जळाल्याचा वास आला, तेव्हा उठून गॅस बंद केला.

"हो," मी म्हटलं. "वेगळं व्हायचं ठरलंय."

तिनं मान हलवली आणि पुढचा उतारा मागितला. मी मोठ्यानं वाचायला घेतला. दुसरी ओळ मी दोनदा वाचली, तिसरी सापडेना. तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि पुढचं तीच वाचत राहिली.