मुरलीभाऊंची बायको

हंगाम संपला की आम्ही नाटकवाले निवांत होतो, आणि चहासोबत मुरलीभाऊंचा विषय निघतोच. रचून ठेवलेल्या धानाच्या पुंजण्यातून एक पेंडी ओढली की चार घसरतात, तसे त्यांचे किस्से.

भाऊ इकडच्याच, धानाच्या मुलखातल्या शहापूरचे. झाडीपट्टीतल्या नाटकांत विनोदी कामं करायचे आणि नाटकं लिहायचेही. मी कित्येक वर्षं स्टेजवर त्यांची बायको होते.

*

माझा पहिलाच प्रयोग. जेवणाच्या सीनमध्ये घाबरून मी बोलून गेले, "भाऊ, वाढू का?" नवऱ्याला भाऊ! सगळा मांडव हसला. मला वाटलं, गेलं आपलं काम.

भाऊंनी शांतपणे पाट ओढला आणि प्रेक्षकांकडे पाहिलं. "लग्नाले दहा वर्षं झाली का बायकोले नवरा भाऊच दिसते."

दुसऱ्या दिवशी ते वाक्य स्क्रिप्टमध्ये होतं. मला म्हणाले, "अशीच चुकत जा. माह्यं लिवाचं काम कमी होते."

*

नवं नाटक ते आधी घरी खऱ्या बायकोला, म्हणजे वहिनींना, वाचून दाखवत. एकदा मी तिथंच होते. भाऊ सगळ्यांचे आवाज काढून वाचताहेत, वहिनी तांदूळ निवडताहेत. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही.

शेवटी म्हणाल्या, "यात हासण्यासारखं काय हाय? असंच तर होते आपल्या घरी."

भाऊंनी कागद गोळा केले. "जमलं मंग."

*

सानगडीच्या बाजारात एका भाजीवाल्या बाईनं त्यांना वांगी द्यायला नकार दिला.

"बायकोले घरातून हाकलते, अन् वांगे पायजे?"

"तिसऱ्या अंकात परत आणतो ना तिले, बाई."

"मी दुसऱ्याच अंकात उठून आली. आधी आण, मंग वांगे."

पुढच्या बाजाराला भाऊ मला सोबत घेऊन गेले. बाईनं मला नीट न्याहाळलं, मगच तराजू उचलला. एक वांगं मला वरून दिलं.

*

गोसीखुर्दच्या धरणात ज्यांचं गाव गेलं, त्यांच्या नव्या वस्तीत प्रयोग होता. नाटकात पोस्टमन पत्ता विचारतो आणि भाऊ सांगतात, "घर ना? पाण्यात. देवळापासून तिसरं."

लोक हसले. तेवढ्यात समोर बसलेली एक म्हातारी उभी राहिली. "तिसरं नाही रे बाबू, चवथं. तिसरं माह्यं होतं."

भाऊंनी डोक्यावरचा रुमाल काढून हात जोडले. "चुकलो, माय. चवथं."

त्यानंतर कुठल्याही गावात प्रयोग असो, ते चवथंच म्हणायचे.

*

मग भाऊंना लकवा मारला. हातपाय सावरले, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं, जीभ जड झाली. मंडळाचे मालक दुसरा नट शोधायला लागले. भाऊ कुणाला भेटेनात.

एक दिवस वहिनींनी मला बोलावून घेतलं. भाऊंनी नवं नाटक पुढं सरकवलं. नवराबायकोचा लांबलचक सीन, सगळी वाक्यं माझी. नवऱ्यानं बोलायला तोंड उघडायचं आणि दर वेळी बायकोनं त्याला मधेच तोडायचं. वाचताना आधी मी हसले, मग मला हसता येईना.

"हास," भाऊ कसंबसं म्हणाले.

पहिल्या प्रयोगाला मी भांडायच्या निमित्तानं त्यांचा हात घट्ट धरून होते. लोक पोट धरून हसत होते.

पडदा पडल्यावर एक तरुण प्रेक्षक मेकअपच्या खोलीत आला. "काय अॅक्टिंग केली जी, भाऊ. एवढा वेळ तोंड वाकडं ठेवता, दुखत नाही का?"

वहिनींनी मान फिरवली. भाऊंनी एकेक शब्द जुळवला.

"प्रॅक्टिस लागते, बाबू."