कप्तानची दोरी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अंगणात दोरी पसरून बसणं. संध्याकाळ होती. नावेच्या नांगराची नवी दोरी. कप्तान तिला थोड्या थोड्या अंतरावर जुन्या साड्यांच्या चिंध्या शिवत होती. लाल, मग हिरवी, मग पिवळी. मी दोरी ताणून धरायचो, ती दाभण घालायची. "किती दोरी पाण्यात गेली ते रंगावरून कळेल," ती म्हणाली. "तुमचे आकडे चुकतात. रंग नाही चुकायचे." निळी तेवढी राहिली. "ती उद्या. डोळे दमले." मग खिचडीवर शेव घालून खाल्ली आणि झोपलो.

कप्तान म्हणजे माझी बायको. सगळी गल्ली तिला कप्तानच म्हणायची. तिचे वडील महूला फौजेत होते, त्यांनी तिला लहानपणीच शीड धरायला शिकवलं. मी चौथी पास, जन्मभर ट्रक चालवला. मानपुरचा घाट डोळे मिटून उतरेन, पण गुडघाभर पाण्यात पाय लटपटतात. तिनं जन्मभर शाळेचे गणवेश शिवले आणि म्हातारपणी एका रिटायर साहेबाकडून जुनी शिडाची नाव घेतली. बेटम्याच्या पुढच्या तलावात ठेवली. लोक हसले. "कप्तान, इंदौरला समुद्र कुठंय?" ती म्हणायची, "समुद्र नाही म्हणून काय पाणीपण नाही का, भिया?"

तिला एकच हवं होतं. तलावाच्या मधोमध नांगर टाकायचा आणि एक रात्र नावेतच झोपायचं. वडील नेतो म्हणाले होते, तेवढ्यात त्यांची बदली झाली. ते राहिलं ते राहिलंच.

नांगर मीच आणला पहिल्यांदा. ट्रकचा जुना ब्रेक-ड्रम. म्हटलं, एवढं लोखंड, हत्तीपण हलणार नाही. टाकला. जरा वारा सुटला आणि नाव ड्रमासकट सरकत सरकत थेट काठावरच्या बेशरमाच्या झाडीत घुसली. कप्तान हसून हसून नावेत बसली. "ड्रायवरसाहेब, वजनानं नाही धरत हे. खाली चिखल आहे. त्यात रुतेल असा पाहिजे." मग रुंद पात्यांचा, हलकासा नांगर बनवून घेतला. माझा विश्वासच नव्हता. पण तो पडला तो असा बसला, की काढताना माझी कंबर धरली.

नांगराला आधी साखळी, मग दोरी. साखळी तळाशी लोळते, म्हणून ओढ आडवी लागते आणि नांगर उपटत नाही. दोरीसाठी राजवाड्यामागच्या दुकानात गेलो. कप्तान दोरीचं एक टोक पायाखाली दाबायची, दुसरं दोन्ही हातांनी ओढायची, आणि नाक मुरडून म्हणायची, "दूसरी दिखाओ." दुकानदार शेवटी वैतागला. "भाभीजी, बाँधना क्या है? हाथी?" ती म्हणाली, "हाथी नहीं, इनको बाँधना है. पानी देखते ही भागते हैं." सगळं दुकान हसलं. मीपण हसलो.

"दोरी देताना कंजूषी नको," हे तिचं कायमचं. पाणी जेवढं खोल, त्याच्या पाच-सात पट सोडायची. मी भीतीनं आखडती धरायचो आणि नांगर सुटायचा. "आखडली की उखडली!" ती ओरडायची. पोरगी नोकरीला पुण्याला निघाली तेव्हा मी अडून बसलो होतो. तेव्हाही हेच म्हणाली. पोरगी गेली. आणि दर दिवाळीला येते, नेमानं.

नांगर टाकला की ती काठावरच्या दोन खुणा धरायची. पुढे पिंपळ, त्याच्या मागे पाण्याची टाकी. टाकी पिंपळाच्या आड आहे तोवर नाव जागेवर. "मला नका बघत बसू, पिंपळ बघा," म्हणायची. मी तिलाच बघायचो.

तिचं हृदय कमजोर आहे असं डॉक्टर बोलले, तेव्हा ती घाईला आली. दर रविवारी नांगर मलाच टाकायला लावायची. "मी नसले तर काय, काठावर बसून राहाल?" असलं बोललेलं मला आवडायचं नाही. तरी शिकलो. येत्या रविवारी रात्री राहायचं, असं ठरलंही होतं.

नावेतली ती रात्र मी पुढे एकट्यानं काढली. निळी चिंधी मीच शिवली, वाकडी. ती पाण्यात जाईपर्यंत दोरी सोडली. वारा होता, झोप आली नाही. उजाडल्यावर पाहिलं, टाकी पिंपळाच्या आडच.

पण दोरी शिवली त्याच्या दुसऱ्या सकाळचं सांगायचं राहिलं. चहा झाला तरी ती उठली नाही. हात लावला, गार होती. गल्ली जमली. तिरडीचे बांबू आले. पुतण्या म्हणाला, "बांधायला काय आहे?" आणि अंगणातली चिंध्यांची दोरी उचलून विळीवर धरली. मी हिसकून घेतली. "ती नावेची आहे. कापायची नाही."

"काका, मग दुसरी आणतो. तुम्ही बसा. घरच्या माणसानं उठून जायचं नसतं."

मी गेलो. राजवाड्यामागे तो दुकानदार नुकता शटर उचलत होता. "अरे भिया, आज अकेले? भाभीजी नहीं आईं? क्या बाँधना है?"

मी सुतळीच्या गुंड्याकडे बोट केलं. त्यानं दिली. मी टोक पायाखाली दाबलं आणि दोन्ही हातांनी ओढलं. तुटली.

"दूसरी दिखाओ," मी म्हटलं.