शिवेवरचा गाडा

रस्त्याकडेच्या चमत्कारिक गोष्टी बघत हिंडायचं खूळ आमच्या पोस्टमास्तरांच्या मुलाचं. तो कल्याणला हायस्कुलात शिके आणि सुट्टीत मुरबाडला आला की आम्हाला अडाण्यांत काढी. युद्धाची वर्षं होती. एका चैत्रात तो, किराणा दुकानदाराचा मुलगा आणि मी, असे तिघे मागून आणलेल्या दोन सायकलींवर टोकावड्याच्या वाटेला लागलो. टोकावड्यापुढच्या एका गावात माझी धाकटी बहीण दिली होती. दुपारी तिच्याकडेच जेवायचं ठरलं होतं.

आधी ठोकला की घागरीसारखा वाजणारा खडक पाहिला. मग सूर्यचंद्र कोरलेला लाकडी वाघोबा. पोस्टमास्तरांचा मुलगा त्याच्यासमोर नसलेल्या मिशीला पीळ देत उभा राहिला आणि आम्ही पोट धरधरून हसलो. पुढच्या वाडीत मात्र हसू आपोआप थांबलं. दारादाराला लिंबाचे डहाळे, एकाही चुलीचा धूर नाही, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

वाडी संपली आणि शिवेवर, रस्त्याच्या कडेलाच, हातभर लांबीचा लाकडी गाडा दिसला. चार चाकं, आत हिरव्या बांगड्या, खण आणि कुंकवाने माखलेली बाहुली.

"आजचा सगळ्यात नामी नग हा! चला, याची मिरवणूक काढू," पोस्टमास्तरांचा मुलगा हरखून म्हणाला.

मला ठाऊक होतं. पटकीची साथ आली की गाव मरीआईला गाड्यात बसवतं, ओटी भरतं आणि शिवेपलीकडे नेऊन सोडतं. ती ज्या गावात शिरते तिथे माणसं जातात, म्हणून असल्या गाड्याला बोट लावायचं नाही, हे आईने आम्हा दोघा भावंडांना शंभरदा बजावलं होतं. पण कल्याणवाला मला हसेल, एवढीच मला धास्ती. तोंडाशी आलेलं मी गिळलं. वर गाडा सायकलला सुंभाने बांधला तोही मीच. गाठ मला चांगली जमायची ना!

घंटी वाजवत आम्ही बहिणीच्या गावात शिरलो. बाया पोरांना ओढून आत नेऊ लागल्या. दारं लागली. पुरुष एकेक करून बाहेर आले. शेवटी एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुनी आनला रे ह्यो गावात?"

बहीण दोन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन धावत आली. तिने गाडा पाहिला, सुंभाची गाठ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"दादा, तुला ठाव नव्हतं ना?"

सगळं गाव ऐकत होतं.

"नाय," मी म्हटलं.

"आयकलात ना? त्याला ठाव नव्हतं," ती म्हाताऱ्याला म्हणाली. मग घरात जाऊन तांदूळ आणि नारळ घेऊन आली, मरीआईची ओटी भरली, पाया पडली. गावातल्या चौघांनी गाडा पुढच्या शिवेकडे ओढत नेला. आमच्या अंगावर कोणी हात टाकला नाही. टाकला असता तर बरं झालं असतं. आम्ही न जेवता परतलो.

आठव्या दिवशी निरोप आला. भाची सकाळी ओकायला लागली आणि दिवस मावळायच्या आत गेली. पटकी पाण्यातून पसरते आणि त्या वाडीचा नि बहिणीच्या गावाचा ओढा एकच, हे मी पुढे शंभरदा स्वतःला सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

मी पायीच गेलो. अंगणात बहिणीची सासू कडाडली, "आला! मरीला घेऊन येनारा आला!"

बहीण आतून आली. डोळे कोरडे ठणठणीत.

"त्याला नका बोलू, आत्याबाय. त्याला काय ठाव?"

तिने मला पाय धुवायला पाणी दिलं. सुतकाच्या घरी चूल पेटली नव्हती. शेजारणीने तिच्यासाठी आणलेल्या भाकरीतली अर्धी तिने मोडून माझ्यापुढे ठेवली. मी खाली मान घालून ती खाल्ली.