मावशीची विळी विमानतळावर

मंडळी, पुणे विमानतळावरून आत्ताच बारामतीला परतलो आणि पहिला ई-मेल तुम्हालाच.

कन्हेरीची मावशी दिल्लीला लेकीकडे निघाली होती. मीच बजावलं होतं, मोलाची वस्तू हातातल्या पिशवीत ठेव. तिनं सोन्याच्या पाटल्या मोठ्या बॅगेत टाकल्या आणि लेकीसाठी घेतलेली विळी पिशवीत ठेवली.

पुढचं मावशीनं फोनवर सांगितलं. आत तपासणीवाला म्हणाला, "हे हत्यार आहे. इथंच सोडा."

"साहेब, तुमच्यात भाजी दातानं तोडत्यात व्हय? ऱ्हाऊ द्या विमान. मी भिगवणवरनं रेल्वेनं जाते."

मावशी जागची हलेना. शेवटी चिठ्ठी बांधून विळी विमानाच्या पोटात मोठ्या सामानाबरोबर गेली. धारदार वस्तू तिथंच द्यायच्या असतात म्हणे.

पाटल्यांची चौकशी मावशीनं एकदाही केली नाही.

नियम मान्य. पण मोलाचं काय, हे मी कोण ठरवणार?