गोष्ट तिची, हूं माझी

आमच्या घरात गोष्टी सांगायचा ठेका माझ्याकडं आहे. दिला कुणी नाही, मीच घेतला. लातूर जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट तर मी अशी सांगतो की, ऐकणाऱ्याला वाटावं, माझ्या सहीवाचूनच काम अडलं होतं. तेव्हा मी शाळेत चड्डी सावरत होतो, पण तेवढं गाळतो. माझा नियम एकच: ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणायचं. हूं थांबली की गोष्ट थांबली. बायको भाजी निवडता निवडता हूं म्हणते. ती ऐकत नसते हे मला माहीत आहे, पण नियम म्हणजे नियम.

नळ कोरडे पडून लोक लातूर सोडून पाहुण्यांकडं राहायला चालले होते, त्या उन्हाळ्यात माझी लेक उलट जळकोटहून लातूरला आमच्याकडं आली. कडेवर तीन वर्षांची नात. पोरीला समजायचं सगळं. चप्पल आण म्हटलं की आणायची, तीही जोडीनं. पण बोलायची नाही. बोट दाखवायची आणि 'अं' म्हणायची. कान तपासले होते, ठीक होते.

"गल्लीत मुकी म्हणून राहिलेत हो बाबा तिला," लेक म्हणाली. "आता घरात बी म्हणू लागलेत." एवढं बोलून ती पदरानं माठ पुसत बसली. माठ कोरडाच होता.

बोलायला शिकवणाऱ्या बाई लातुरातच होत्या, लेकीहूनही लहान. त्या म्हणाल्या, रोज पुस्तक वाचून दाखवा, सोपं बघून. मी खूश झालो. हे तर माझंच खातं. बाजारात जाऊन सगळ्यात जाड पुस्तक आणलं. राजा, सात राण्या, शेवटी तात्पर्य. आवाज बदलून बदलून वाचलं. नात दुसऱ्या राणीपर्यंत टिकली, मग पुस्तकावर उभी राहून खिडकीबाहेर बघू लागली.

"वाया न्हाई गेलं," बायको म्हणाली. "लेकराला उंची आली."

बाईंनी ते पुस्तक हातावर तोललं. "आबा, हे तिच्यासाठी आणलंय का तुमच्यासाठी?"

मी तात्पर्याचा मुद्दा काढला. त्यांनी ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "पानावर एक चित्र, एक ओळ. तीच ओळ परत परत यावी. चित्रात तिनं रोज बघितलेलं काहीतरी असावं. आणि प्रश्न विचारला की तुम्ही गप्प बसायचं. पाळी तिची."

"किती वेळ गप्प?"

"ती बोलेपर्यंत."

बायकोनं त्याच दिवशी बाईंना जेवायला बोलावलं.

पुढं नांदेडला एका लग्नाला गेलो, तर मांडव सोडून पुस्तकाच्या दुकानात जाऊन बसलो. एकात बर्फ होता, एकात जहाज. आमच्या पोरीनं नळालाही पाणी बघितलं नव्हतं, तिला जहाज कशावर तरंगवून दाखवू? दुकानदार कंटाळला, तेव्हा तळातून एक पुस्तक निघालं. इतकं पातळ की, ते घरी नेऊन दाखवायची मला लाज वाटली. करडू आईला शोधतंय. दाराआड आई आहे का? नाही. बाजेखाली आहे का? नाही. शेवटच्या पानावर आई. तात्पर्य नाही.

वाचायला काही लागत नव्हतं. गप्प बसायला फार लागत होतं. "दाराआड आई आहे का?" असं विचारून मी ओठ दाबून धरायचो, आणि शेवटी मीच "नाही" म्हणून टाकायचो. लेक नुसती बघायची. तिच्या त्या बघण्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

एकदा गल्लीत टँकरची वाट बघत सगळे बसलो होतो. घागरींची रांग लागलेली, नात माझ्या मांडीवर. मी पुस्तक उघडलं. "दाराआड आई आहे का?" आणि गप्प. शेजारच्या मावशी उत्तर द्यायला सरसावल्या, तर लेकीनं त्यांचा हात दाबला. मी घागरी मोजू लागलो. मोजून संपल्या, परत मोजल्या.

"न्हाई," नात म्हणाली.

स्पष्ट. अगदी आजीसारखं.

तिनं माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं, पान उलटलं, बाजेवर बोट ठेवलं. "न्हाई." आणि थांबली. पुढचं पान उलटेना. माझ्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली. मला कळेना, आता काय राहिलं?

"बाबा, हूं म्हणा की," लेक म्हणाली.

"हूं," मी म्हणालो. पान उलटलं.

म्हणजे पोरगी इतके दिवस ऐकत होती. राजा नाही, राण्या नाहीत, पण माझा नियम तिनं बरोब्बर उचलला होता.

तेवढ्यात टँकर आला. गल्ली उठून पळाली. मीही उठायला लागलो, तर तिनं माझी बाही घट्ट धरली. आमच्या घागरी मावशींनीच भरल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "बसा आबा, लई वर्सांनी हूं म्हणायला सापडलात."

शेवटचं पान आलं. "माय," नात म्हणाली. लेकीनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, संपली गोष्ट. तर हिनं पुस्तक उलटं फिरवून पहिलं पान काढलं.

टँकर रिकामा होऊन निघून गेला, तरी मी हूं म्हणत होतो.