पाहणे सुरू ठेवा

आमच्या थोरल्या साडूंनी आजवर टीव्हीवरची एकही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलेली नाही, आणि बसून तर मुळीच बघितलेली नाही. डोंबिवलीच्या त्यांच्या घरात भिंतभर टीव्ही आहे, समोर तिघांचा ऐसपैस सोफा आहे, पण तो पाहुण्यांसाठी. साडू स्वतः फ्रिजला टेकून उभे राहतात, रिमोट हातात, आणि दर दोन मिनिटांनी कुठेतरी जाऊन येतात. गॅलरीत जाऊन खाली कोणी आडवी गाडी लावलीय का ते बघतील, दुधाखालचा गॅस बारीक करतील, तुळशीला सकाळी घातलेलं पाणी पुन्हा घालतील. कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझर होते. पाळीभर यंत्रांमधून फेऱ्या मारायच्या आणि डब्यातल्या चुका काढायच्या, हे काम. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण पायांना ते कोणी कळवलेलं दिसत नाही.

मालिका ते दीडपट वेगाने लावतात. त्यामुळे त्यांच्या घरात प्रेमात पडणारे घाईत पडतात आणि रडणारे उरकून रडतात. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची मोठी बहीण, म्हणते की आमच्याकडे मयतालासुद्धा लोक धावत येतात. शिवाय ते शेवटचा भाग आधी बघतात. का, असं विचारलं तर म्हणाले, "कोण मेलं ते एकदा कळलं की बरं. मग उरलेल्यांकडे नीट लक्ष देता येतं." पण उरलेल्यांकडेही लक्ष दहाच मिनिटं. लगेच दुसरी मालिका. टीव्हीवर 'पाहणे सुरू ठेवा' अशी जी रांग असते, ती त्यांच्या नावावर इतकी लांबलीय की टोक सापडत नाही. तिच्यात कितीतरी पोलीस अधिकारी दोन-दोन वर्षं त्याच प्रेताशेजारी उभे आहेत. एकदा आम्हाला कोंबडी-वड्यांचं जेवण होतं. पहिला वडा मी कोरियातल्या कोर्टात खाल्ला, भातावर येईपर्यंत कुठल्याशा बर्फाळ बेटावरच्या दीपगृहात पोचलो होतो, आणि मधे दोन राजघराणी येऊन गेली. परतताना बायकोने विचारलं, खून कोणी केला. मी विचारलं, कुठला?

घरात खेळायचं यंत्रही आहे, मोटारींच्या शर्यतीचं. तेही साडू उभ्यानेच खेळतात आणि वळणावर स्वतः वाकतात. बाकीच्या गाड्या शहाण्यासारख्या फेऱ्या मारत असतात. हे मात्र शीळफाट्याला लोक उलट्या बाजूने घुसतात तसे घुसतात आणि सरळ शेतातून जातात. पडद्यावर लाल अक्षरात 'चुकीची दिशा' असं येतं. त्यावर साडू टीव्हीला ऐकवतात, "दिशा बरोबर आहे. तुमचा रस्ताच लांबून काढलाय."

हे यंत्र त्यांच्या मुलीचं. जाताना ती ठेवून गेली. गेली म्हणजे लग्न होऊन नाही, भांडून. तिने बँकेतली नोकरी सोडली आणि व्हिडिओ गेम तपासणाऱ्या एका कंपनीत लागली. बाजारात यायच्या आधी गेम खेळून खेळून त्यातल्या चुका शोधायच्या. जन्मभर डब्यातल्या चुका शोधलेल्या माणसाला हे खरं तर सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. पण साडू म्हणाले, "दिवसभर बसून खेळायचं, ह्याला काम म्हणत नाहीत." मला वाटतं, त्यांना खेळण्यापेक्षा बसण्याचाच जास्त राग आला असावा. शब्दाला शब्द वाढला. मुलीने कोलशेतलाच भाड्याने घर घेतलं आणि बापाशी बोलणं टाकलं. आईला फोन करायची, तोही हे गॅलरीत असतील ती वेळ साधून.

पण टीव्हीवरचं तिचं नाव तसंच राहिलं होतं. टीव्ही लावला की सुरुवातीला घरातल्यांची नावं येतात, त्यात तिसरं तिचं. कोलशेतला बसून ती बापाच्याच खात्यावर मालिका बघत होती. ती कुठल्या भागापर्यंत आली ते इथे दिसायचं. साडू रोज सकाळी चहाआधी ते नाव उघडून बघायचे. "काल दोन भाग झालेत," ताईला सांगायचे, "म्हणजे जेवलीय. ती जेवताना बघते." दोन दिवस भाग पुढे सरकला नाही की यांच्या फेऱ्या वाढायच्या. बेडरूम, गॅलरी, जिना, पुन्हा बेडरूम. शेवटी ताई फोन लावायची तेव्हा कळायचं, पोरीला ताप होता.

एका सकाळी ते असेच बघायला गेले आणि भलतंच बटण दाबलं गेलं. मालिका सुरू झाली. ती बंद करायला चष्मा हवा, चष्मा शोधायला गेले, वाटेत गॅलरी लागली, खाली कोणाची तरी गाडी आडवी होती. परत येईपर्यंत तीन भाग होऊन गेले. त्या दिवशी सात महिन्यांनी मुलीचा फोन थेट बापाला आला.

"बाबा, मी चौथ्यावर होते. तुम्ही सातव्यावर नेलंत."

"सातव्यात तिचा भाऊच चोर निघतो," साडू म्हणाले. एवढं एकच त्यांना सुचलं. तिने फोन ठेवला. त्यांनी लगेच मला लावला आणि धापा टाकत सांगितलं, "बोलली रे. दोन वाक्यं बोलली."

मग काय, दर आठवड्याला तिचे भाग आपोआप पुढे जायला लागले. ती फोन करून तडतडायची, हे चष्म्यावर ढकलायचे, आणि आठवडा बरा जायचा.

आणि नेमका कंपनीचा मेसेज आला. एक खातं एकाच घरापुरतं, बाहेर राहणाऱ्यांनी आपापलं घ्यावं. साडूंची झोप उडाली. त्यांनी मदतीच्या नंबरवर फोन लावून तिथल्या मुलीला अर्धा तास समजावलं. "घर एकच आहे हो. आमची मुलगी फक्त झोपायला कोलशेतला असते." त्या बिचारीने शेवटी सांगितलं की मग तिचा लॅपटॉप महिन्यातून एकदा तुमच्या घरच्या वायफायला जोडावा लागेल. साडूंनी फोन ठेवला आणि, ताई शपथेवर सांगते, ते सोफ्यावर बसले. बसूनच त्यांनी मुलीला निरोप लिहिला: महिन्यातून एकदा इथे यावं लागेल. माझं म्हणणं नाही, कंपनीचा नियम आहे.

पहिल्या रविवारी आम्ही तिथेच होतो. येईल की नाही, कोणालाच खात्री नव्हती. पगारदार मुलगी, स्वतःचं खातं घेणं तिला काय जड होतं? साडू अकरा वेळा खाली जाऊन आले. ती आली, चपला काढल्या, लॅपटॉप उघडला. जोडायला लागतात दहा सेकंद. साडू घाईघाईने म्हणाले, "आपलं नेट जरा हळू आहे. दोनेक तास लागतील."

जिचा दिवसच संगणकासमोर जातो, ती मुलगी बापाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लागू देत." जेवली. दुपारी दोघांनी मिळून मोटारींची शर्यत खेळली. कामाबद्दल कोणीच काही काढलं नाही. फक्त एकदा साडूंनी विचारलं की ही गाडी भिंतीतून आरपार जाते, ती तुमच्यात चूक धरतात का. ती म्हणाली, धरतात. "मग अशा अजून तीन जागा आहेत," ते म्हणाले आणि दाखवायला लागले.

तेव्हापासून ती दर महिन्याला येते. मागच्या खेपेला बायको ताईकडे राहिली, म्हणून मुलीला सोडायला मी एकटाच निघालो. शीळफाट्याला गाड्या तुंबल्या होत्या. वेळ काढायला मी म्हटलं, अगं, एवढी यातायात कशाला, आपलं स्वतःचं घेऊन टाक ना.

"आहे की काका," ती म्हणाली. "तो मेसेज आला ना, त्याच दिवशी घेतलेलं."

मी तिच्याकडे बघितलं. ती समोरच्या ट्रककडे बघत होती. "बाबांच्या खात्यावर काहीच बघत नाही मी. नुसता रोज एखादा भाग लावून ठेवते. ते सकाळी बघतात ना. त्यांना सांगू नका."

बरं झालं, तेवढ्यात मागच्याने हॉर्न वाजवला.

परवा साडूंचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "अरे, ही कंपनी तो नियम काढून तर नाही ना टाकणार? तुझ्या कानावर काही आलंय का?" मी म्हटलं, छे, उलट नियम आणखी कडक करणार आहेत असं ऐकलंय. पलीकडे त्यांनी हुश्श केलेलं मला ऐकू आलं. मग म्हणाले, "काल एक भाग झालाय तिचा. जेवली असणार."

"जेवली असणार," मी म्हटलं.