अर्ध्या अंगणाचा सडा

गडबच्या हौसाबाईचं अंगण म्हणजे बघत राहावं असं. हायवेवर चहाला थांबलेली माणसंसुद्धा दोन पावलं आत येऊन बघून जातात. दसरा झाला की पावसात माजलेलं गवत ती मुळासकट खरवडून काढते, माती भिजवते, लाकडी चोपण्याने ठोकून ठोकून पाटासारखी करते आणि वर शेणाने सारवते. मग पुढच्या पावसापर्यंत तिथे तणाची डोकं वर काढायची बिशाद नाही. आजूबाजूला सगळ्यांनी पेव्हर ब्लॉक बसवले. बसवोत बापडे! हर्षदने, म्हणजे तिच्या मुलाने, एकदा तो विषय काढून पाहिला. नागोठण्याच्या कंपनीत शिफ्टमध्ये भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस, पण आईने नुसतं बघितलं आणि याने चपला घालून बाजाराची वाट धरली.

त्याला काय ठाऊक, ते अंगण एकट्या हौसाचं नव्हतंच मुळी. सोळाव्या वर्षी ती लग्न होऊन आली तेव्हा त्या अंगणाला दोन घरं होती. या बाजूला हिचं, समोर पेणकरांचं. पेणकर म्हणजे यहुदी, गावात शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद आणि चूलही बंद. त्या घरची सून रेचल, हौसापेक्षा तीन वर्षांनी मोठी. अंगणात ना कुंपण, ना दगडाची रेघ. पहाटे हौसा या टोकाकडून सडा टाकत निघायची, रेचल त्या टोकाकडून, आणि मधोमध दोघींची गाठ पडायची. जी आधी पोचेल ती दुसरीला चिडवणार. सासवा आतून ओरडायच्या, "अगो, चहा कोण ठेवील?"

शनिवारी मात्र रेचल कामाला हात लावत नसे. मग त्या दिवशी पूर्ण अंगणाचा सडा हौसाचा. कोणी तिला सांगितलं नव्हतं, तिनेही कधी बोलून दाखवलं नाही. पहिल्याच शनिवारी तिला समोरची अर्धी बाजू कोरडी बघवेना, म्हणून टाकला, तो टाकतच राहिली. त्यांचा खिरीचा सण आला की रेचल नारळाच्या दुधातल्या खिरीचा पहिला तांब्या हिच्याकडे आणून द्यायची.

आठ वर्षं असं चाललं. मग रेचल आणि तिचा नवरा निसीम मुलांना घेऊन इस्रायलला गेले, तेही कुठे, तर दिमोनाला, भर वाळवंटात. त्यांचं घर हौसाच्या नवऱ्याने घेतलं, पुढे ते पडलं, आता तिथे भाताची पोती ठेवायची शेड आहे. अंगण तेवढं होतं तसं राहिलं. सुरुवातीला पत्रं यायची, मग तीही बंद पडली. दोन वर्षांपूर्वी सून मनालीने कुठून कुठून शोध लावून व्हिडिओ कॉल जोडून दिला आणि दोन म्हाताऱ्या एकमेकींची पांढरी डोकी बघून आधी खो खो हसल्या, मग रडल्या.

या वर्षी दसऱ्याच्या आधीच रेचलचा फोन आला तो रडवेला. "हौसा, माझं अंगण चाललं गो!"

भानगड अशी होती. दिमोनाच्या घरामागे निसीमने खोलीएवढी मातीची जागा राखली होती. दोन वर्षांमागे तो गेला. तो होता तोवर उगवलेलं तण रोज उपटायचा. आता रेचलचे गुडघे वाकत नाहीत, आणि तणाने सगळी जागा व्यापली. एकदा ती उपटायला गेली ती तोंडावर पडली. मुलगा आरोन घाबरला. त्याने ठरवलं, सगळ्यावर सिमेंट ओतायचं. आईला पंधरा दिवस दिले, त्यात तण आवरलं तर ठीक.

"या जागेत मी अनवाणी बसते गो. निसीम इथंच बसायचा. पायाखाली माती नसली तर मी जाऊ कुठं?"

तणाचा विषय म्हणजे हौसाच्या हातचा मळ. ती म्हणाली, "येवढंच ना? आपलं अंगण करायचो तसं कर. खरवड, चांगलं भिजव, चोप."

रेचलने माणूस लावून तसंच केलं. आठ दिवसांनी पुन्हा फोन. तण दुप्पट झालं होतं! आरोन मागून कातावला होता, "आई, रविवारी सिमेंटवाला येणार, आता काही ऐकायचं नाही."

हौसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साठ वर्षं मातीत हात घातलेली बाई, आणि तिच्याच सांगण्याने रेचलचं अंगण जायची वेळ यावी? "फोन खाली धर बघू," ती म्हणाली. "आणखी खाली. पानांशी ने."

लालसर देठ, जाड इवली पानं, जमिनीला चिकटून पसरलेली.

"अगो बाये, ही तर घोळ! आपण भाजी करायचो ती! तुझ्याकडं पाऊस कधी झाला?"

"शिमग्याच्या सुमाराला. त्यानंतर थेंब नाय."

"मग सात महिने ही कोणाचं पाणी प्यायली?"

रेचल हळूच म्हणाली, "माझं. मी रोज सडा टाकते."

"कधीपासून?"

"आले तेव्हापासून."

हौसाने कपाळावर हात मारून घेतला. इथली जमीन चोपलेली, वर शेणाचा थर, तिला सड्याचं पाणी बाधत नाही. तिथे शेण नाही, माती उघडी, बी पाण्याची वाट बघत पडलेलं. हिने रोज पाजलं, आणि वर आपण सांगितलं, चांगलं भिजव! "चुकलं माझं, रेचलबाय," ती म्हणाली. "आरोनला बसव उपटायला, फुलं यायच्या आत. आणि उद्यापासून एक थेंब पाणी टाकायचं नाय."

"सडा सोडू?" रेचलला रडू आलं. "तोंड धुवायच्या आधी मी सडा टाकते. तो नाय टाकला तर माझा दिवस उजाडलाच नाय असं वाटतं गो."

हौसाचेही डोळे भरले. सडा टाकला तर अंगण जाणार, नाही टाकला तर सकाळ जाणार.

"रेचलबाय, शनिवारी तुझ्या वाटचा कोण टाकायचं?"

"तू."

"मग आता रोज शनिवार समज."

आरोनने कुरकुरत का होईना, दोन दिवस बसून सगळं उपटलं. रेचलने त्याच घोळीची भाजी केली, ती त्याने दोनदा मागून खाल्ली. पाणी तोडल्यावर माती कोरडीठाक पडली आणि पुन्हा हिरवं काही दिसेना. सिमेंटवाल्याला त्याने स्वतःच नको म्हणून कळवलं.

तेव्हापासून हौसाबाई आपल्या अर्ध्या अंगणाचा सडा पहाटे टाकते, आणि शेडच्या बाजूचा नऊ वाजता. कारण इथे नऊ वाजतात तेव्हा दिमोनात साडेसहा, रेचलची सड्याची वेळ होते. शेजारचा मोरू रोज विचारतो, "काकू, ही सड्याची वेळ हाय?" ती बादलीत हात घालून सडा टाकत पुढे सरकते. शनिवारी रेचल फोनला हात लावत नाही, तरीही नऊचा सडा चुकत नाही.

बाकीच्या दिवशी फोन तुळशीच्या कट्ट्याला टेकवलेला असतो. परवा हौसा सडा टाकत मधोमध आली, बादली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. फोनमधून आवाज आला, "हौसा, माझ्या बाजूचा कोपरा राहिला गो."

"म्हातारे, तिथनं तुला बरा दिसला!" हौसा म्हणाली, आणि बादली उचलून परत गेली.